मुलगा म्हणजे मिक्सर नव्हे

डॉक्टरम्मांसमोर कुणी रडायला लागलं, की त्या आधी पंखा त्याच्याकडे वळवायच्या. टेबलावरचा जुना, जड, हिरव्या पात्यांचा पंखा. एरवी तो त्यांच्याच मानेवर वारा घालत असायचा. समोरच्याने नाक ओढलं की त्या उठायच्या, पंख्याचं तोंड त्याच्याकडे फिरवायच्या आणि पुन्हा आपल्या खुर्चीत येऊन बसायच्या. हे कशासाठी, म्हणून मी एकदा विचारलं.

"मद्रासचा उकाडा आहे रे," त्या म्हणाल्या. "रडतांना घाम आला, की मनुष्य लौकर आटपतो. मज घाई नाहीं."

मज. हा शब्द मी तोवर फक्त आरतीत आणि अभंगात ऐकला होता. डॉक्टरम्मा तो कॉफी मागतानाही वापरायच्या. त्यांचं घराणं तंजावरचं. कित्येक पिढ्यांपूर्वी राजांच्या मागून दक्षिणेत आलेलं आणि तिथेच रुजलेलं. त्यांचं मराठी आपल्या पोथीतलं, चाल तमिळ, आणि मधूनमधून 'अय्यो' नि 'शरी'ची, म्हणजे 'बरं'ची, फोडणी. सत्तरीला टेकलेल्या, ठेंगण्या बाई. अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. ते बूट घालून त्या अड्यारमधल्या झाडांच्या गल्लीत आपल्या घराचा जिना अशा चढायच्या, की खाली बसलेल्याला वाटावं वर मॅच सुरू होणार आहे.

कागदी रुमालांचा खोका त्यांच्या खोलीत नव्हता. "कागदानं काय डोळे पुसतात?" म्हणायच्या आणि धुऊन घडी केलेला सुती पंचा मांडीवर ठेवायच्या. पंच्यांची चळतच असायची कपाटात. ऐकताना डोळे मिटून घ्यायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई झोपली. मी बोलायचा थांबलो, तर डोळे न उघडता म्हणाल्या, "तें मघां हळूच बोलटलास नं, तें परत बोल. मोठ्यानं."

त्या मानसोपचार करायच्या. परीक्षेला घाबरणारी मुलं, भांडणारी जोडपी, झोप न येणारे आजोबा, सगळेच यायचे. पण शहरात माझ्यासारख्यांमध्ये त्यांचं नाव तोंडोतोंडी फिरत असे. माझ्यासारख्यांमध्ये म्हणजे ज्यांना पुरुष आवडतात अशा पुरुषांमध्ये. त्याची सुरुवात फार वर्षांपूर्वी झाली होती. एक आईबाप आपल्या मुलाला त्यांच्याकडे घेऊन आले आणि म्हणाले, याला दुरुस्त करून द्या. डॉक्टरम्मांनी मुलाला कॉफी प्यायला खाली पाठवलं आणि दार लावून आईबापांना बसवून घेतलं. "मुलगा म्हणजे मिक्सर नव्हे," त्या आम्हाला सांगायच्या, "दुकानांत आणून टाकला, दुसरे दिवशीं नेला. मी त्यांस म्हणटलें, मुलगा बरा दिसतो. तुमची तब्येत कशी आहे?"

मी त्यांच्याकडे गेलो तो पोटदुखीमुळे. मूळचा बार्शीचा. शोळिंगनल्लूरच्या एका कंपनीत मोटारींच्या सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेण्याचं काम करतो. चेन्नईला आलो आणि वर्षभरात पोटाने असहकार पुकारला. नळ्या घालून झाल्या, तपासण्या झाल्या, कुठेच काही सापडेना. शेवटी पोटाच्या डॉक्टरांनी विचारलं, "कसली काळजी आहे का?" आता काळजी कसली, ते मला ठाऊक होतं. पण ते मी आधी एकदा पुण्यात एका मानसोपचारतज्ज्ञाला सांगून पाहिलं होतं. त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि दारापर्यंत सोडताना पाठीवर हात ठेवून म्हणाले, "लग्न करून टाका. सगळं जागेवर येतं." तेव्हापासून कुठल्याच डॉक्टरला काही सांगायचं नाही, असं ठरवून टाकलं होतं. ऑफिसातल्या एका मित्राने डॉक्टरम्मांचा नंबर दिला. मी फोन करून इंग्रजीत प्रस्तावना सुरू केली. नाव ऐकल्यावर पलीकडून आवाज आला, "मराठी का? मग इंग्रजी कशास झाडतोस? गुरुवारीं ये."

गुरुवारी गेलो.

"पुरता बैस," हे त्यांचं पहिलं वाक्य. मला कळेना. त्यांनी बोट दाखवलं. मी खुर्चीच्या कडेला टेकलो होतो. "तुम्ही सगळे असेच येतां. अर्धी खुर्ची कुणासाठीं राखतां?"

मी मागे सरकून बसलो. मग त्या म्हणाल्या, "हात कुठें आहेत?"

हात मांड्यांखाली दाबलेले होते. ते तिथे असतात हे मलाही माहीत नव्हतं. लहानपणी मी गोष्ट सांगताना हात खूप हलवायचो. चौथीत असेन, पाहुण्यांसमोर बाबा म्हणाले, "मुलींसारखे हात काय हलवतोस?" पाहुणे हसले. त्या दिवसापासून हात खिशात, हात पाठीमागे, हात मांडीखाली. मग चालणं सुधारलं, आवाज जाड केला, हसणं आखूड केलं. इतकी वर्षं माणूस चोवीस तास स्वतःवर पहारा देत राहिला, तर पोट दुखेल नाही तर काय होईल? पण हे असं सरळ मला त्या दिवशी सांगता आलं नाही. त्या दिवशी फक्त हात बाहेर काढले आणि ते कुठे ठेवावेत ते सुचेना, म्हणून रडू आलं. पंखा वळला.

रडून झाल्यावर त्यांनी स्टीलचा डबा उघडून पुढे केला. आत मुरुक्कू. आपल्या चकलीचा थोरला भाऊ, पण दगडासारखा. मी तो तोंडात मऊ होईपर्यंत घोळवत बसलो. "अय्यो, चाव रे!" त्या ओरडल्या. "आवाज होऊं दे! ही माझी खोली आहे. हिकडें आवाज करून खाल्लें तर कोणी पोलीस येत नाहीं." आणि स्वतः एक मुरुक्कू असा कडाड्कन फोडला की मला हसू फुटलं. पुढे कित्येक गुरुवार आम्ही समोरासमोर बसून कडकडून मुरुक्कू खाल्ले. माझा आजचा जोडीदार दातांचा डॉक्टर आहे. ही हकिगत सांगितल्यावर तो म्हणाला, मानसोपचार म्हणून उत्तम आहे, पण दातांच्या बाजूने मी निषेध नोंदवतो.

डॉक्टरम्मांनी मला सगळ्यात जास्त छळलं ते एका वाक्यासाठी. मी 'आय ॲम गे' म्हणायचो. इंग्रजीत म्हणायला काही वाटत नव्हतं. शर्टावरच्या ओळखपत्रासारखं ते बाहेरच्या बाहेर लटकत राहायचं.

"मराठींत सांग," त्या म्हणाल्या.

"मी समलिंगी आहे."

"हें वर्तमानपत्र झालें. तूं आईस जेवायला वाढ म्हणतोस, त्या मराठींत सांग."

त्या मराठीत त्यासाठी माझ्याकडे फक्त शिव्या होत्या. शाळेच्या मागच्या बाकावर ऐकलेल्या, गणपतीच्या मांडवात ऐकलेल्या, मामाच्या तोंडच्या. त्या उच्चारल्या तर मीच स्वतःला मारल्यासारखं होणार. हेही मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. "म्हणूनच म्हणतें. त्या मराठीच्या घरांत लोकांनीं कचरा भरून ठेवला आहे. तुझें घर आहे तें. झाडून घे." आणि वर म्हणाल्या, "लाज वाटते ती तुझी नव्हे. कोणीतरी तुझ्याकडें ठेवून गेला आहे. ज्याची त्यास परत दे."

कैक आठवडे लागले. वाक्य जुळवायचो, अर्ध्यात सोडायचो. एका गुरुवारी बाहेर नारळवाल्याची हाक चालू होती, आत पंखा घुमत होता, आणि मी टेबलाकडे बघत म्हणून टाकलं, "मला पुरुष आवडतात."

डॉक्टरम्मांनी डोळे उघडले. माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "मजही."

आणि मग त्या हसत सुटल्या. आधी खांदे हलले, मग चमक्या हलल्या, मग खुर्ची. "मजही आवडतात रे! काय करावें! एक पुरुष होता माझा. घोरायचा असा, की गल्लींतलीं कुत्रीं घर सोडून गेलीं. तरी आवडायचाच!" डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यांनी स्वतःसाठी पंचा घेतला. मीही हसत होतो. पोट दुखेपर्यंत हसलो, पण ते दुखणं निराळं. आयुष्यातलं सगळ्यात अवघड वाक्य म्हटल्यावर आभाळ कोसळेल असं वाटलं होतं, आणि समोरची सत्तरीची विधवा बाई 'मलापण' म्हणून टाळी द्यायला हात पुढे करत होती.

शनिवारी दुपारी त्या आमच्यापैकी काही जणांना एकत्र बसवायच्या. चटया पसरून, जमिनीवर. बोलणं तमिळ, इंग्रजी, ज्याला जे येईल ते. मला तमिळ तिथेच आलं. त्या मंडळीत अण्णा नगरचे एक निवृत्त बँक अधिकारी होते. शुभ्र लुंगीवजा वेष्टी, कपाळावर विभूतीची बारीक रेघ. आम्ही त्यांना 'सार', म्हणजे तमिळ वळणाचं 'सर', म्हणायचो. पुढचं सांगायची परवानगी सारनीच मला दिली आहे, वर 'नीट सांग' अशी ताकीदही.

सार कित्येक महिने नुसते यायचे, ऐकायचे आणि जायचे. डॉक्टरम्मा त्यांना कधीच टोचत नसत. एका शनिवारी ते आपणहून बोलले. बँकेत त्यांचा एक मित्र होता. एकाच शाखेत लागले, पुढे बदल्या झाल्या तरी रविवार चुकला नाही. दुपारचा डबा दोघांत एक. रविवारी कॅरम. लग्न दोघांनीही केलं नाही. एकाने आईच्या आजारपणाची सबब सांगितली, दुसऱ्याने पत्रिकेची. तो मित्र मागच्या वर्षी गेला. "मी ऑफिसच्या लोकांबरोबर मागे उभा होतो," सार म्हणाले. "त्याच्या पुतण्याने सगळं केलं. लोक पुतण्याला भेटत होते. मी घरी आलो आणि भात लावला." एवढंच सांगून ते थांबले.

डॉक्टरम्मा उठल्या. पायांतले बूट काढून बाजूला ठेवले. सारच्या समोर जमिनीवर जाऊन बसल्या आणि हात जोडले. मग समाचाराला गेलेलं माणूस घरच्यांना विचारतं, तसं अगदी हळू विचारलं, "कसं झालं? आजारी होते का? शेवटी तुम्ही जवळ होता का?"

सारनी एकेक सांगायला सुरुवात केली. छातीत कफ होता. दवाखान्यात फक्त नातेवाइकांना आत सोडत होते. पण आदल्या संध्याकाळी परिचारिकेने काणाडोळा केला आणि थोडा वेळ बसता आलं. त्याने कॉफी मागितली होती. डॉक्टरम्मा उठल्यावर आमच्यातला एक पुढे होऊन बसला, मग दुसरा, मग मी. प्रत्येकाने हात जोडले. सारना वर्षभरात कुणी भेटायलाच आलं नव्हतं. त्या दुपारी आम्ही सगळे त्यांच्याकडे समाचाराला गेलो, त्या चटईवर.

मग डॉक्टरम्मांनी विचारलं, "ते कॅरम कसे खेळायचे?"

सारचा चेहरा एकदम बदलला. "लबाड!" ते म्हणाले. "एक नंबरचा लबाड! मी पाणी प्यायला उठलो की राणी खिशात!" आणि ते हसले. इतके महिने आमच्यात बसून ते पहिल्यांदा हसले, पांढऱ्या मिशांतून, लहान मुलासारखे. पुढच्या शनिवारी रिक्षातून कॅरमबोर्ड आला. डॉक्टरम्मा खेळायला बसल्या आणि उघड उघड लबाडी करू लागल्या. सार त्यांच्यावर ओरडत होते आणि मनापासून खूश होते.

आता आईची गोष्ट. आई बार्शीहून महिनाभर राहायला आली ती एक स्थळ पदरात बांधूनच. ती शाळेत शिक्षिका होती. तिची पिशवी उघडली की आधी ज्वारीचं पीठ निघतं, मग शेंगांची चटणी, आणि या खेपेला तळातून मुलीचा फोटो. मी तो हातात घेतला नाही. ती थालीपीठ थापत होती. मी ओट्याशी उभा राहिलो, हात खिशाबाहेर काढले आणि म्हणालो, "आई, मला पुरुष आवडतात."

तिने गॅस बंद केला. तव्यावरचं थालीपीठ तसंच राहिलं. मग म्हणाली, "यावर औषध असतं का रे?"

"नाही. आजार नाही तो."

"कुणी सांगितलं?"

मी डॉक्टरम्मांचं सांगितलं. ती ताडकन म्हणाली, "मला भेटायचंय त्या बाईला."

डॉक्टरम्मांना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुझी हरकत नसेल तर येऊं दे. तुझ्याविषयीं एक अक्षर बोलणार नाहीं हें त्यांस आधींच सांगून ठेव." ठरलेल्या दिवशी आई खांद्यावर साडीला पिन लावून, शाळा तपासणीला आल्यासारखी निघाली. ती वर गेली, मी खाली गल्लीत झाडाखाली शहाळं घेऊन उभा राहिलो.

वरून आधी आईचा आवाज आला, वर्गावरचा. शब्द कळत नव्हते, पट्टी कळत होती. मग आवाज उतरला. मग काहीच ऐकू येईना. मला कल्पना आली, आता पंखा वळला असणार. शहाळं संपलं, मी दुसरं घेतलं. आणि मग डॉक्टरम्मांचं ते खुर्ची हलवणारं हसणं खिडकीतून बाहेर पडलं आणि त्याच्या मागोमाग आणखी एक हसणं. ते कुणाचं, हे मला चटकन ओळखता आलं नाही. मोकळं, वरच्या सुरातलं. माझी आई तशी हसते हे मला ठाऊकच नव्हतं.

खाली आली तेव्हा डोळे सुजलेले, खांद्यावर सुती पंचा तसाच राहिलेला. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "काय रे जुनं बोलतात त्या! माझी पणजी बोलायची असं." मग जरा वेळाने, "तुझ्याबद्दल खरंच एक शब्द काढला नाही. मलाच विचारत बसल्या. तुम्हांस कशाची भीति वाटते, म्हणून. मला हे असं कुणी विचारलं नव्हतं कधी."

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, लोक काय म्हणतील. तर म्हणाल्या, लोकांचीं नांवें सांगा. मी म्हटलं, सगळेच. त्या ऐकेनात. नांवें सांगा, म्हणे. मग आठवायला बसले. तुझी धाकटी काकू, समोरच्या वहिनी आणि शाळेतल्या जोशीबाई." ती थांबली. तोंडावर पदर धरला. "जोशीबाई वारल्या रे! काकूशी वाटणीपासून बोलणं नाही. आणि समोरच्या वहिनींच्या घरात काय काय चाललंय ते अख्ख्या बार्शीत फक्त मला माहीत आहे. त्या कशाला तोंड उघडतात!"

रिक्षावाला आरशातून बघत होता. आई हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकाच पंच्यात.

याचा अर्थ ती त्या दिवसापासून सुखी झाली असा नाही. घरी येऊन ती दोन दिवस अंथरुणाला पाठ लावून पडली. नातवंडांचं नाव काढून रडली. फोटो मात्र तिने स्वतःच पिशवीत परत ठेवला. बार्शीला जाऊन बाबांना तिनेच सांगितलं. बाबा त्या विषयावर माझ्याशी आजही बोलत नाहीत. फक्त माझा जोडीदार माझ्याकडे राहायला आला त्या महिन्यापासून बार्शीहून येणारं ज्वारीचं पीठ दुप्पट झालं. 'एवढं कशाला?' म्हणून मी फोनवर विचारलं, तर बाबा म्हणाले, "माणसं वाढली की पीठ लागतं," आणि फोन आईकडे दिला.

पोट दुखायचं केव्हा थांबलं ते आठवत नाही. डॉक्टरम्मांनी मला काढून टाकलं ते मात्र पक्कं आठवतं. एका गुरुवारी डोळे मिटून ऐकता ऐकता त्यांनी मला थांबवलं. "किती दिवस झाले, तूं फक्त तुझ्या मॅनेजरची नक्कल करून दाखवतोस. मज हसूं येतें. पण ह्यास उपचार म्हणत नाहींत. शरी, आतां येऊं नको." मला वाईट वाटलं. दारात घुटमळलो. त्या म्हणाल्या, "जा रे. तुझी खुर्ची दुसऱ्या कुणाला पाहिजे आहे."

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. डिसेंबरात चेन्नईत गाण्याचा मोसम असतो आणि निम्मं शहर गाण्यासाठी, उरलेलं निम्मं सभांच्या, म्हणजे गाण्याच्या संस्थांच्या, उपाहारगृहांतल्या जेवणासाठी बाहेर पडतं. आई त्या वेळी आमच्याकडे आली होती. आम्ही तिघं, आई, मी आणि माझा जोडीदार, सकाळचं गाणं ऐकून जेवायच्या मांडवात शिरलो. जागा शोधत होतो आणि समोरच्याच लांब बाकावर डॉक्टरम्मा. केळीच्या पानावर रसम-भात कालवत होत्या. त्यांची नजर माझ्यावरून गेली, आईवरून गेली आणि पुन्हा भातावर स्थिरावली. चेहऱ्यावर ओळखीची खूणही नाही. मला कारण माहीत होतं. त्यांच्या धंद्याचा तो धर्म आहे. बाहेर त्या कुणालाही ओळख दाखवत नाहीत. सोबत कोण असेल, त्यांना काय ठाऊक असेल, सांगता येत नाही. ओळख द्यायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं.

मी ठरवतोय तोवर आई पुढे गेली होती. थेट त्यांच्या पानासमोर जाऊन उभी राहिली.

डॉक्टरम्मांनी वर पाहिलं. अगदी परक्यासारखं, नम्रपणे म्हणाल्या, "आपण?"

आजूबाजूची चारदोन तोंडं वळली. आईने पदर सावरला आणि वर्गावरच्या आवाजात, भर मांडवात सांगितलं, "मी ह्याची आई." मग मागे वळून माझ्या जोडीदाराचा दंड धरला, त्याला पुढे ओढलं. "आणि हा आमचा."

त्याला मराठी फारसं येत नाही. पण एवढं त्याला कळलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले.

डॉक्टरम्मांनी आपलं पान सरकवलं, स्वतः बाकावर पार टोकाला सरकल्या, बरबटलेला उजवा हात तसाच ठेवून डावा हात उंच केला आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशी वाढप्याला हाक मारली, "अण्णा, इंगे मूणु इलै पोडुंगो!"

तीन पानं आली. आम्ही बसलो.